सागरच्या वॅगन आरचं पासिंग

सागर (बी-३०२): नमस्कार मंडळी. आई-बाबांना दवाखान्यात न्यायला-आणायला जुनी वॅगन आर बघतोय. २०११ ची, सीएनजी, एमएच १२. एजंट म्हणतो फिटनेस सर्टिफिकेट आहे, डोळे मिटून घ्या. उद्या टोकन द्यायचंय. काय करू?

कुलकर्णी काका (ए-१०१): टोकन थांबव. तो कागद ग्रुपवर टाक आधी.

सागर: 📷 टाकला.

कुलकर्णी काका: अरे, हा आरटीओचा कागद नाहीच. एजंटच्या मेकॅनिकने गाडी बघून लेटरहेडवर लिहून दिलंय. आपल्या खासगी गाडीला पहिली १५ वर्षं वेगळं फिटनेस नसतंच. आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, चालू तोवर फिटनेस चालू. वेगळं सर्टिफिकेट टॅक्सी-टेम्पोला लागतं. आरसीवर मुदत काय आहे?

सागर: पुढच्या महिन्यात संपतेय 😟

कुलकर्णी काका: म्हणजे पासिंग, आरसीची मुदत वाढवून घेणं, तुझ्या गळ्यात. फॉर्म २५ भरायचा, गाडी दाखवायला न्यायची, पास झाली तर पुढची ५ वर्षं. फी पूर्वी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५००० आहे. जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स वेगळा. आणि नापास झाली तर?
माझंच सांगतो. मी अशीच मुदत संपत आलेली गाडी घेतली होती. इन्स्पेक्टर म्हणाला, चेसिस नंबर दाखवा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. सीटखालचं कार्पेट उचललं तर सगळा गंज. पॉलिश पेपरने घासलं, कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तरी शेवटचे दोन आकडे उठेनात. भर उन्हात लायनीतून गाडी बाहेर काढली. तीन खेपा झाल्या त्या पायी. इंजिन उत्तम होतं रे, पण ते कोण विचारतंय!

शिल्पाताई (सी-४०३): सागर, सीएनजी टाकीची प्लेट बघितलीस का? दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी, लागते, तारीख प्लेटवर असते. आणि आरसीवर इंधनात सीएनजी चढलंय ना? किट बाहेरून बसवलेलं असेल तर बऱ्याचदा राहून जातं. आई-बाबा मागे बसणार, टाकी त्यांच्या पाठीशीच. यात तडजोड नको.

सागर: प्लेट नाही बघितली. डिकीत सामान होतं.

शिल्पाताई: मग सामान काढायला लाव.

जोशी वहिनी (ए-२०४): आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा. आमच्या भाच्याने कर्ज फिटलेली गाडी घेतली, पण बोजा उतरवलाच नव्हता. ट्रान्सफर अडकलं.

सागर: काका, मग पासिंग मालकालाच करायला सांगू का?

कुलकर्णी काका: तेच कर. मुदतीच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे आत्ताच होईल. नवी मुदत आरसीवर दिसली की मग गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या आणि पैसे.

सागर: बोललो. एजंट म्हणतो मालकाला विचारून सांगतो. रविवारी गाडी परत बघायला बोलावलंय.

कुलकर्णी काका: मी येतो. टॉर्च आणि पॉलिश पेपर आणतो.