मदत हवी आहे: वाचनालयात टोरेंट चालवायचंय, पण हिशेबाचं मशीन त्याच राउटरवर आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने जुन्या मासिकांतलं साहित्य स्कॅन केलंय. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं उलटून गेलीत तेवढंच निवडलंय, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. फायली मात्र अवाढव्य आहेत आणि बाहेरगावचे वाचक सारखे मागतात. म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्सची एक मोफत प्रणाली) टाकून क्यूबिटटोरेंट या टोरेंट प्रोग्रॅमने सीडिंग करावं, म्हणजे वाचकांना तुकड्यातुकड्यांत एकमेकांकडूनही घेता येतील अशा रीतीने फायली आपल्या मशीनवरून पुरवत राहाव्यात, असं मी सुचवलं. कार्यकारिणीत विषय एका वाक्यावर अडला: "टोरेंट म्हणजे व्हायरस." त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. सभासदांची वर्गणी आणि अनुदानाचा सगळा हिशेब ज्या मशीनवर आहे, ते त्याच राउटरला जोडलेलं आहे.

मी वाचलं त्यावरून असं दिसतं की लोकांना ज्या बाजूची भीती वाटते तिकडून धोका कमी आहे. अनोळखी माणसाकडून आलेला फाइलचा प्रत्येक तुकडा टोरेंटमध्ये आधीच नोंदलेल्या हॅशशी (तुकड्याच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाशी) ताडून पाहिला जातो, जुळला नाही तर फेकला जातो. खरी भोकं सापडलीत ती आपल्याच मशीनवरच्या कंट्रोल पॅनलमध्ये, म्हणजे टोरेंट प्रोग्रॅमला हुकूम देण्याच्या सोयीत.

जानेवारी २०१८ मधलं ट्रान्समिशन या दुसऱ्या टोरेंट प्रोग्रॅमचं प्रकरण बघा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या भोकं शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडीने ते उघड केलं. ट्रान्समिशन ९०९१ पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार) हुकूम ऐकत बसलेलं असतं आणि आपल्याच मशीनवरून आलेला हुकूम विश्वासाचा मानायचं. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादं लबाड पान उघडलंत की त्या साइटचं नाव आधी तिच्या सर्व्हरकडे बोट दाखवतं, आणि थोड्या वेळाने तेच नाव १२७.०.०.१ कडे, म्हणजे तुमच्याच मशीनकडे. ब्राउझरला वाटतं साइट तीच आहे. मग ते पान ट्रान्समिशनला सांगतं की डाउनलोडचं फोल्डर बदलून होम फोल्डर कर, आणि हे टोरेंट घे. टोरेंटमध्ये एकच फाइल: डॉट-बॅशआरसी. पुढच्या वेळी टर्मिनल उघडलं की त्यातले हुकूम चालले! २.९३ आवृत्तीत हे बुजवलं. पुढच्याच महिन्यात म्यूटोरेंट या आणखी एका टोरेंट प्रोग्रॅममध्येही त्याच जातीचं भोक निघालं.

क्यूबिटटोरेंटच्या वेब पॅनलला तर ४.६.१ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०२३ च्या अखेरपर्यंत, सगळ्यांना ठाऊक असलेला एकच ठरलेला पासवर्ड होता. पॅनलमध्ये 'टोरेंट पूर्ण झाल्यावर हा प्रोग्रॅम चालवा' असा रकाना आहे. आत शिरलेल्या माणसाला आणखी काय हवं?

माझा प्रश्न असा, की पॅनल पूर्ण बंद ठेवलं आणि सीडिंगचं मशीन राउटरच्या गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर टाकलं तर हिशेबाचं मशीन खरोखर सुरक्षित राहील का? आणि कार्यकारिणीला न लपवता, न घाबरवता काय सांगू? जाणकारांनी कृपया वेळ काढून लिहावं.

रात्रपाळी:
चांगला धागा. पॅनल पूर्ण बंद करायची गरज नाही, ते फक्त १२७.०.०.१ वर ऐकेल असं करा आणि लांबून लागलं तर एसएसएच टनेलने (कूटबद्ध जोडणीने) जा. त्याच सेटिंगमध्ये पॅनलचा पोर्ट राउटरवर आपोआप उघडणारी यूपीएनपीची खूण असते, ती काढा. त्याहून चांगलं म्हणजे राउटरमधलंच यूपीएनपी बंद करा. सीडिंगसाठी एकच पोर्ट हाताने उघडा.

गेस्ट नेटवर्कच्या नावावर मात्र विसंबू नका. काही राउटरमध्ये ते फक्त वायफायपुरतं असतं. तुमचा डेस्कटॉप वायरने जोडलेला असेल तर तो मुख्य नेटवर्कमध्येच बसलेला असतो. डेस्कटॉपवरून हिशेबाच्या मशीनला पिंग मारून (उत्तर येतं का ते) बघा आणि त्याची शेअर केलेली फोल्डरं उघडतात का तेही बघा. काहीही उघडलं तर वेगळा राउटर किंवा व्हीलॅन (एकाच जोडणीवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) घ्या.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर नॅटचा, म्हणजे सगळी मशीन राउटरच्या एका पत्त्यामागे झाकण्याचा, आडोसा नसतो. राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, ते आवर्जून तपासा.

कोकणकडा:
वरच्याला +१. एक भर घालतो. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत साइटवरचा मॅकचा इन्स्टॉलरच कुणीतरी बदलला होता. आत केरेंजर नावाचं रॅन्समवेअर (फायली अडवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम). सही वैध डेव्हलपर सर्टिफिकेटची, म्हणून मॅकने अडवलं नाही, आणि तीन दिवस गप्प बसून मग फायली कुलूपबंद करायचं. म्हणून उबुंटूवर प्रोग्रॅम पॅकेज मॅनेजरमधूनच (प्रणालीच्या अधिकृत भांडारातून) घ्या आणि अपडेट चालू ठेवा. क्यूबिटटोरेंटने स्वतः केलेल्या काही डाउनलोडमध्ये समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) तपासलंच जात नव्हतं, २०१० पासून! ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ५.०.१ ला दुरुस्त झालं. त्यामुळे आवृत्ती ती किंवा त्याच्या पुढचीच हवी.

हॅशबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर, पण तुकडा टोरेंटशी जुळतो एवढंच त्यातून कळतं. टोरेंट बनवणाऱ्याने आत काय भरलंय याची हमी त्यात नाही. तुम्ही स्वतः बनवलेलीच टोरेंट त्या मशीनवर ठेवा, बाहेरचं काहीही उतरवू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. डेस्कटॉप वायरनेच जोडायचा होता, म्हणजे गेस्टचा बेत बाद. वेगळ्या राउटरचा खर्च मांडतो. मशीन रात्री बंद ठेवायचा आग्रह आहे, मग वाचकांचं कसं?

रात्रपाळी:
स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. तिथे चढवलेल्या प्रत्येक नोंदीचं टोरेंट सहसा आपोआप तयार होतं आणि त्यात आर्काइव्हचे सर्व्हर वेब सीड (थेट वेबवरून तुकडे पुरवणारे) म्हणून असतात. तुमचं मशीन बंद असलं तरी वाचकाला फाइल मिळते, चालू असलं तर तुमचा हातभार लागतो. कार्यकारिणीला हेही आधीच सांगा की सीडिंग करताना वाचनालयाचा आयपी पत्ता प्रत्येक घेणाऱ्याला दिसतो. यात लपवण्यासारखं काही नाही, पण तो पत्ता कुणी चाचपून बघितला तर ठरवून उघडलेला एक पोर्ट सोडून काहीही उघडं सापडता कामा नये. मशीन लावून झालं की बाहेरच्या मोबाइल नेटवर्कवरून पोर्ट स्कॅन (कुठले पोर्ट उघडे आहेत याची तपासणी) करा आणि निकाल इथे टाका, एकत्र बघू.