ठासणीची बंदूक ग्वाल्हेरहून वडोदऱ्यास कशी पाठवावी? मदत हवी आहे

लष्करकर
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घरात पणजोबांच्या वेळची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक आहे. ती वडोदऱ्याला आतेभावाकडे पाठवायची आहे, कारण जुन्या वस्तू जिवापाड सांभाळणारा आमच्यात तोच एक आहे. दोन कुरियरवाल्यांनी नाव ऐकताच नकार दिला. महिनाअखेरीस घर रिकामे करायचे असल्याने रीतसर मार्ग कृपया लवकर सांगावा.

विश्वामित्रीकाठ
परवाना कोणाच्या नावावर आहे? आतेभावाकडे परवाना आहे का? बंदूक चालू स्थितीत आहे का? हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

लष्करकर
शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला परवाना कशाला हवा?

राजवाडा_इंदूर
नकोच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे. माझ्या मेव्हण्याने अमेरिकेत अशीच बंदूक घरपोच मागवली. तिथे १८९८ पर्यंतची शस्त्रे केंद्रीय कायदा साध्या बंदुकांत धरत नाही.

विश्वामित्रीकाठ
आपण कलम अर्धेच सांगितलेत. जे शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच ती सूट आहे. नुसते वय पुरत नाही. नळी आणि कान (दारूला ठिणगी पोचवणारे मागचे छिद्र) मोकळे असतील तर ठासणीची बंदूक आजही उडते. अमेरिकेचा नियम अमेरिकेत. इथे त्या भरवशावर पार्सल केले, तर पाठवणारा आणि घेणारा दोघेही गोत्यात येतील.

तोडेवाले
हे कोणी विचारलेले नाही, तरी कळकळीने सांगतो. आधी बंदूक भरलेली नाही ना, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. गज (दारू ठासायची काठी) नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करतात आणि मग तो बाहेरून नळीला लावून पाहतात. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचे टोक कानाच्या बरेच अलीकडे संपले, तर आत काहीतरी ठासलेले आहे. जुनी दारू वर्षानुवर्षे जिवंत राहते.

लष्करकर
गज तुटलेला आहे. चाप चालतो. परवाना आजोबांच्या नावावर होता, ते जाऊन सहा वर्षे झाली. आतेभावाकडे परवाना नाही.

विश्वामित्रीकाठ
हे पहिल्याच ओळीत हवे होते. मग पाठवण्याचा प्रश्न आज उद्भवतच नाही. ताबा वैध राहिला नसेल, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आजोबांचा परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन आधी ठाण्यात भेटा आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. जमा केल्याची पावती जपा, कारण ठरलेल्या मुदतीत हक्क सांगितला नाही तर वस्तू सरकारजमा होते. आतेभावाने वडोदऱ्यात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज करावा. परवाना मिळाल्यावर बंदूक त्याच्या नावे करता येईल; तो ग्वाल्हेरहून नेण्यास पुरतो का, तेही तिथेच विचारून घ्यावे.

लष्करकर
सहा वर्षे ती कपाटावर पडून होती आणि आम्हाला याची कल्पनाच नव्हती. उद्या सकाळी कागद घेऊन ठाण्यात जातो. बंदुकीला तोवर कोणी हात लावणार नाही.