मदत हवी आहे: टेनिसमध्ये सेट संपवायची वेळ आली की डबल फॉल्ट

निळंकोर्ट: ५-३, ५-४ ला सर्व्हिस माझ्याकडे आली की हात आखडतो. एक डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट जाणं) झाली की लगेच दुसरी. सरावात असं काहीच होत नाही. शनिवारी मॅच आहे. 'शांत राहा' सोडून काहीही सांगा.

टॉपस्पिन: चेंडू नेटमध्ये जातो की बाहेर? दुसरी सर्व्ह कशी मारता? ग्रिप कोणती?

बेसलाइन: ग्रिप नंतर. दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद मिळतात, त्यातले किती वापरता? घाबरलं की माणूस घाईघाईने लाइनवर येऊन उभा राहतो. पॉइंट संपला की नेटकडे पाठ करा, रॅकेट दुसऱ्या हातात, नजर तारांवर. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं दोनदा. मग सर्व्ह कुठे मारायची ते ठरवा. लाइनवर आल्यावर बेत बदलायचा नाही. सर्व्हआधी चेंडूचे टप्पेही रोजचे तेवढेच.

तारवाला: रॅकेटच्या तारा किती पौंडांच्या ताणावर आहेत? दोन पौंड सैल करून घ्या, हात मोकळा होतो.

टॉपस्पिन: तारा सैल केल्या की चेंडू लांब जायला लागेल. मॅचच्या तोंडावर हे नको.

निळंकोर्ट: नेटमध्येच जातात. दुसरी सर्व्ह जपून, हळू मारते. ग्रिप फोरहँडची.

टॉपस्पिन: हे आधी सांगायला हवं होतं! हळू मारली की स्पिन (चेंडूची फिरकी) लागत नाही, आणि स्पिन नसेल तर नेटच्या बरंच वरून गेलेला चेंडू आत उतरत नाही. म्हणून तुम्ही नेटच्या जेमतेम वरून मारायला बघता आणि चेंडू नेटमध्ये जातो. काँटिनेंटल ग्रिप घ्या, हातोडी धरतो तशी.

बेसलाइन: शनिवारपर्यंत? दडपणात नवी ग्रिपच आधी दगा देते. शिवाय मनगट, कोपर असा विचार सुरू झाला की सवयीची हालचाल तुटते. आत्ता रॅकेट पूर्ण फिरवा, मुठीचा जोर दहापैकी चार ठेवा आणि मधल्या रेषेकडे मारा. नेट मध्यभागी ९१ सेंमी असते, खांबांपाशी १०७.

गवताळ: १९९३ ची विम्बल्डन फायनल आठवा. याना नोव्होत्ना तिसऱ्या, शेवटच्या सेटमध्ये ४-१, ४०-३० अशी पुढे, तिथे डबल फॉल्ट, आणि सेट स्टेफी ग्राफने नेला. १९९८ ला मात्र नोव्होत्ना जिंकलीच.

टॉपस्पिन: बरं, ग्रिप मॅचनंतर. पण सरावात ३०-४० (पुढचा पॉइंट गेला की गेम गेला) धरून फक्त दुसरी सर्व्ह मारा. सलग दहा आत, एक चुकली की पुन्हा एकपासून. सरावात काही पणाला लागत नाही, म्हणून तिथे हात आखडत नाही.

निळंकोर्ट: टॉसही (सर्व्हसाठी वर उडवलेला चेंडू) खाली येतो बहुतेक. तेव्हा काय करू?

बेसलाइन: मारू नका, चेंडू झेला. रॅकेट फिरवली नाही तर फॉल्ट धरत नाहीत. फक्त २५ सेकंद चालूच असतात.