बसवायचं की खेळवायचं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एरवी जास्वंदीचे फोटो, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे आणि वाढदिवसाचे केक एवढंच असतं. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र पंधरा दिवस एकच विषय चालला होता: न्यूयॉर्क जायंट्सच्या क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला बाकावर बसवायचं का? काका १९९० पासून न्यू जर्सीत, एडिसनला. त्यामुळे अमेरिकन फुटबॉल आमच्या घराण्यात डायबेटिससारखा उतरलाय. दादा म्हणजे काकांचा मुलगा, जर्सी सिटीत, हिशेबतपासनीस. वहिनी फिलाडेल्फियाची, म्हणजे ईगल्सवाली, शत्रुपक्ष. ताई म्युनिकला. आत्या आणि मी पुण्यात. फुलं आणि केक गाळून बाकीचं खाली देतोय.

रविवार, १० नोव्हेंबर

ताई: पोचले स्टेडियमवर. इथे कुणीही कुठल्याही टीमचा शर्ट घालून येतं. माझ्या पुढच्या आजोबांनी पॅकर्सचा घातलाय, आणि खेळतायत जायंट्स आणि पँथर्स.

मी: आपल्याकडे रात्री ८ ची मॅच! आयुष्यात पहिल्यांदा जागरण न करता जायंट्सना हरताना बघणार.

काका: शुभ बोल रे नाऱ्या.

ताई: संपलं. २०-१७, ओव्हरटाइम. पहिल्याच प्लेला आपल्या ट्रेसीच्या हातून बॉल सुटला आणि पँथर्सनी किकने फील्ड गोल मारून घर गाठलं.

दादा: २-८. दोन जिंकल्या, आठ हरल्या. पुढच्या आठवड्यात बाय आहे, मॅच नाही. आता तरी बसवा जोन्सला.

काका: बॉल सोडला ट्रेसीने, बसवायचं जोन्सला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दादा: बाबा, दोन इंटरसेप्शन, म्हणजे थेट त्यांच्या हातात गेलेले बॉल, संन्याशाचेच आहेत.

काका: त्याला वाचवणारी पुढची फळी, लाइन, कुठे आहे? अँड्र्यू थॉमस ऑक्टोबरपासून पाय धरून घरी. ईगल्सच्या मॅचला तर हा उठून उभा राहायच्या आत परत आडवा होत होता.

वहिनी: बाबा, ईगल्सचं नाव तुम्ही काढलंत म्हणून बोलते. त्या दिवशी आमचा सेक्वॉन १७६ यार्ड पळाला. तुमच्या मैदानावर. तुम्ही सोडलेला माणूस.

दादा: हिला ग्रुपमध्ये कुणी घेतलं?

वहिनी: तुझ्या आईने.

आत्या: मला एक सांगा, हा क्वार्टरबॅक म्हणजे नक्की कोण? रोज त्याचंच नाव ऐकते.

काका: अक्का, कॅप्टन, ओपनर आणि विकेटकीपर एकाच माणसात घातले की क्वार्टरबॅक होतो. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. बॉल मिळाल्यावर अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं, कुणाला फेकायचा. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असतात. जिंकलं की हार त्याच्या गळ्यात, हरलं की चपलांचा.

आत्या: म्हणजे आमच्या रोहितचंच चाललंय की. गहुंज्यात न्यूझीलंडने काय केलं ते बघितलंस ना? ३ टेस्ट, ६ डाव, ९१ धावा. सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी हाच विषय. साठे नाहीतर जोशी, कुणीतरी रागावूनच घरी जातं.

मी: आत्या, ते दोघेही बॅट धरायला शिकले नव्हते.

आत्या: म्हणूनच तर खात्रीने बोलतात.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काका: रात्रभर झोप नाही. कालच्या मॅचमध्ये समोर कोण होतं ते बघा. ब्राइस यंग, पँथर्सचा क्वार्टरबॅक. २०२३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतला, पहिला पिक. यंदा सप्टेंबरात दोन मॅचनंतर त्याला बसवला. पुढे त्याच्या जागी आलेल्या डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, त्याचा अंगठा दुखावला, म्हणून पोरगा परत आला. आणि काल जिंकून गेला.

दादा: हेच तर मी म्हणतोय! बसवल्यावर माणूस सुधारतो.

काका: सुधारला नाही. बसवूनही मोडला नाही. दोन्हींत फरक आहे. आणि तो २३ वर्षांचा आहे, त्याला पुढे वेळ आहे. जोन्सला बसवलात की इथला त्याचा कारभार संपला.

दादा: संपू दे ना. सहावं वर्ष आहे. १ जानेवारी २०२३ नंतर घरच्या मैदानावर त्याचा पुढचा टचडाउन पास, म्हणजे गुण मिळवून देणारा पास, कधी आला? ३ नोव्हेंबर २०२४. बावीस महिने, बाबा. एवढ्यात माझी मुलगी चालायला, बोलायला आणि उलट उत्तर द्यायला शिकली.

काका: त्यातले दहा महिने तो गुडघा बांधून बसला होता, तेही मोज. आणि मिनेसोटाविरुद्धची प्लेऑफ, ती बाद फेरीची मॅच, विसरलास? ३०१ यार्ड फेकले, वर ७८ यार्ड स्वतः पळाला. त्या रात्री कोण नाचत होतं सोफ्यावर?

दादा: मीच. आणि त्याच एका रात्रीच्या जोरावर आपण त्याला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर कबूल केले.

आत्या: किती??

दादा: आत्या, खरी गोष्ट तीच आहे. नीट सांगतो. मार्च २०२३ मध्ये हा करार झाला. त्यात एक कलम आहे: जोन्सला मोठी दुखापत झाली आणि पुढच्या मार्चमध्ये तो मेडिकल पास झाला नाही, तर २०२५ चे २.३ कोटी डॉलर द्यावेच लागतील. धडधाकट असेल तर सोडून देता येतो, ते पैसे वाचतात. म्हणजे आता दर रविवारी तो मैदानात उतरतो तेव्हा मालकाच्या छातीत धडधड. मागच्या वर्षी मान गेली, मग लास व्हेगसला गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. हा नुसता उभा राहून फेकणारा नाही, पळणारा आहे. उरलेल्या ७ मॅच कुठल्या आशेवर खेळवायच्या? २०२२ मध्ये रेडर्सनी डेरेक कारला असाच बसवला, गेल्या डिसेंबरात ब्रॉन्कोसनी रसेल विल्सनला. वहीत जोन्स आता खेळाडूंच्या पानावर नाही, देण्यांच्या पानावर आहे.

आत्या: २.३ कोटी डॉलर म्हणजे १९० कोटी रुपयांच्या वर गेले रे. आणि तो बरा राहिला तर काहीच नाही, पाय मोडला तर सगळे?

दादा: बरोब्बर.

आत्या: मग त्याच्या आईने काय देवाकडे मागायचं?

(यानंतर अर्धा तास कुणी काही टाकलं नाही. मला वाटतं चर्चा खरी इथेच संपली होती. तो चांगला की वाईट, लाइन की कोच, हे सगळं आम्ही बोलत राहिलो ते सवयीने. पण सवय मोठी असते.)

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काका: २०१७ ला यांनी तेव्हाच्या क्वार्टरबॅकला, एलाय मॅनिंगला, बसवलं होतं. सलग २१० मॅच खेळलेला माणूस, दोन सुपर बोल, म्हणजे तिकडच्या फायनल, जिंकून दिलेला. त्याला म्हणाले, सुरुवात तू कर म्हणजे तुझा आकडा चालू राहील, मग आम्ही दुसऱ्याला घालू. तो म्हणाला, असल्या आकड्यात काय अर्थ आहे. बाहेर बसला. मी तेव्हा गाडी गराजमध्ये लावून पंधरा मिनिटं तसाच बसून होतो. जीनो स्मिथला घातला, ओकलंडला हरले, आणि दुसऱ्या दिवशी कोच आणि जनरल मॅनेजर दोघांना घरी पाठवलं. बसवणारेच बसले.

वहिनी: ही मॅनिंगची गोष्ट लग्नात पण ऐकली होती.

मी: मला तर मुंजीतली वाटते.

दादा: बाबा, जोन्स म्हणजे एलाय नाही. आणि बॅकअपवर सुपर बोल जिंकलेलं तुम्ही स्वतः पाहिलंय. तुम्हीच सांगता.

काका: हो, जेफ होस्टेटलर! डिसेंबर १९९० मध्ये आमच्या क्वार्टरबॅकचा, फिल सिम्सचा, पाय मोडला. मी तेव्हा नुकताच आलो होतो, थंडीत काही सुचत नव्हतं, रूमवर दोन गुजराती आणि एक तेलुगू, कुणालाच नियम माहीत नाहीत. हा होस्टेटलर वर्षानुवर्षं बाकावर बसलेला, नोकरी सोडायच्या विचारात. त्याला घातला आणि जानेवारीत आम्ही बफेलोला २०-१९ हरवून सुपर बोल जिंकलो. शेवटच्या क्षणी त्यांची किक बाहेर गेली. तेलुगू मुलाने मला उचलून घेतलं होतं. पण लक्षात घे, सिम्स जखमी झाला होता, कुणी त्याला बसवलं नव्हतं.

आत्या: तुम्ही किती जण राहायचात त्या खोलीत? आईला तर दोघेच म्हणून लिहिलं होतंस.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मी: समजा जोन्सला बसवला, तर कोण? दोन नंबरचा लॉक?

दादा: लॉक. ५० लाख डॉलर देऊन आणलाय कशाला?

वहिनी: माझं मत तीन नंबरच्या डेव्हिटोला! गेल्या वर्षी आईबाबांकडे राहून खेळत होता, आई त्याला चिकन कटलेट करून घालायची. एजंट टोपीवाला, सिनेमातल्यासारखा.

काका: आपल्या जर्सीचाच आहे, सीडर ग्रोव्हचा. सलग तीन जिंकल्या होत्या त्याने.

वहिनी: आणि नाताळच्या दिवशी आमच्याविरुद्ध हाफटाइमला त्यालाच बसवलंत. म्हणून तर मत त्याला.

मी: पण आता जिंकून फायदा काय? जेवढे जास्त हरणार तेवढा ड्राफ्टमध्ये नंबर वर.

आत्या: हरल्यावर बक्षीस? शाळेत असं असतं तर तुझा बाप रँकर झाला असता.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दादा: बसवला. आणि लॉक नाही. डेव्हिटो.

काका: वर्षभर लॉकला दोन नंबरवर ठेवला, आणि वेळ आली तेव्हा तीन नंबरला घातला. अरे काय किराणा मालाची यादी आहे का, खालून वाचली तरी चालेल?

दादा: लॉकने एखादी जिंकली असती तर ड्राफ्टचा नंबर गेला असता. 😀

काका: हसू नकोस.

मी: काका, दिवाळीला तुम्ही चिरंजीवांना जोन्सचा ८ नंबरचा शर्ट पाठवला होता. तो विचारतोय, उद्या क्लासला घालून जाऊ का?

काका: जाऊ दे. पुढे काय लिहिलंय? जायंट्स. पाठीकडे कोण बघतं?

आत्या: इकडे बुधवारी मतदान आहे. आम्हीपण कुणाला तरी बसवणारच. सगळ्यांनी सकाळी लवकर जा, दुपारी रांग वाढते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काका: जोन्सला सरावात चौथ्या नंबरवर टाकलाय. वर सेफ्टीच्या, म्हणजे मागच्या बचावपटूच्या, जागी उभा केला, डेव्हिटोच्या सरावासाठी. क्वार्टरबॅकला! आपल्याकडे कॅप्टनला नेटमध्ये चेंडू गोळा करायला लावतील का?

ताई: काका, लावतात. फक्त त्याचा व्हिडिओ येत नाही.

काका: आज पत्रकारांसमोर कागद वाचून दाखवला. सगळ्यांचे आभार मानले, कुणाला नावं ठेवली नाहीत. जमलं नाही ते स्वतःवर घेतलं. मी असतो तर तो कागद तिथेच फाडला असता.

दादा: म्हणून तुम्हाला १६ कोटी कुणी दिले नाहीत, बाबा.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आत्या: पर्थला आपले १५० ऑलआउट! मी टीव्ही बंद केला. मग जोशी वर आले सांगायला, त्यांचे ६७ ला ७ गेले. बुमराहने ४ काढले. रोहित नाहीये, बाळासाठी घरी आहे. आता बाकावर नवीन भांडण: तो आल्यावर बसवायचं कुणाला?

दादा: जोन्सला सोडलं. त्यानेच मागितलं म्हणे.

काका: बरं झालं. (पाच मिनिटांनी) म्हणजे त्याच्यासाठी बरं झालं.

वहिनी: बाबा, मनापासून वाईट वाटलं. खरंच.

काका: ईगल्सवाल्यांची सहानुभूती नको.

वहिनी: मग उद्या जेवायला नका येऊ.

काका: येतो. मटण आहे ना?

सोमवार, २५ नोव्हेंबर

काका: (रात्री २.४० वाजता, म्हणजे त्यांच्याकडे रविवारची दुपार) ३०-७. टॅम्पाने पार धुतलं. डेव्हिटो म्हणजे होस्टेटलर नव्हे.

आत्या: (सकाळी ६ वाजता, जास्वंदीच्या फोटोखाली) होस्टेटलर कोण?