मदत हवी आहे: न्यू ऑर्लिन्सच्या डुकी चेसमध्ये आईसाठी काय मागवू?

मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबांना ह्यूस्टनहून गाडीने न्यू ऑर्लिन्सला नेतोय. ट्रेमे वस्तीतल्या डुकी चेसमध्ये जेवायचंच आहे. 1941 पासून एकाच घराण्याचं हॉटेल. मार्टिन ल्युथर किंग आणि नागरी हक्क चळवळीतल्या लोकांच्या बैठका तिथे माडीवर व्हायच्या, हे ऐकून बाबा तर आत्तापासूनच तयार!

अडचण आईची. ती अलिबागची, कोळंबी-खेकडा म्हटलं की खूश, पण डुक्कर आणि बीफ अजिबात नाही. गंबोत (तिकडचा दाट रस्सा) मात्र कोळंबी, खेकडा, सॉसेज, हॅम सगळं एकाच पातेल्यात. तिकडच्या पालेभाजीत नि राजम्यातही बहुतेकदा डुकराचं मांस असतंच. मागे दुसऱ्या एका हॉटेलात निव्वळ भाजी समजून घेतलेल्या वाटीत हाडाचा तुकडा निघाला, आई ताटावरून उठलीच.

कोणी गेलंय का? तळलेला कॅटफिश किंवा कोळंबी चालेल, पण त्याच तेलात आणखी काय तळतात हे विचारलं तर खटकेल का? की आधी फोन करू? तिखटाची काळजी नाही, ठेच्याची बाटली आईच्या पर्समध्ये असतेच.