पावसाळ्यात जलरंगाचा वॉश (पातळ थर) वाळत नाही, सुचतही नाही

खिडकीतली_तुळस: दादरला राहते, निवृत्त. खिडकीत तीनच कुंड्या. रोज चहा उकळेपर्यंत वहीचं एक पान रंगवते. जुलैत वॉश तासभर ओलाच, वर दुसरा रंग दिला की चिखल. काय करू?

ओलाकागद: ताई, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद घ्या. आणि वाळायची वाट कशाला? ओल्यावरच रंग सोडा, आभाळ आपोआप होतं.

भायखळाकर: राणीच्या बागेत गोरखचिंचेचं खोड नुसतं बघत बसा, चित्र दुसऱ्या दिवशी. पेंग्विनच्या गर्दीकडे (पोरं सोबत नसतील तर) फिरकू नका.

खिडकीतली_तुळस: आज कुंडीतली गोकर्णाची फुलं कोमट पाण्यात कुस्करली. निळा रंग! लिंबू पिळलं तर जांभळा. चार पानं त्यातच गेली, चहा उतू गेला.