मदत हवी आहे: मुंबईत परळजवळ परवडणारा लॉज गाइडबुकवरून शोधता येईल का?

आर्णीकर: नमस्कार मंडळी. बाबांना तपासणीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे आहे. आम्ही तिघे, मुक्काम चार रात्री. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट झाले. तालुक्याच्या वाचनालयात मुंबईचे इंग्रजी गाइडबुक मिळाले. त्यात हॉटेलांची नावे, भाडे, फोन, नकाशे सगळे आहे. रात्रीला दीड हजाराच्या वर झेपत नाही आणि बाबांना जिने चढवत नाहीत. पुस्तकावर किती भरवसा ठेवावा?

वरुडचा वाटाड्या: भाऊ, आधी पुस्तकाचे वय काढा. आतल्या पानावर आवृत्तीचे वर्ष असते; 'पुनर्मुद्रण' लिहिले असेल तर मजकूर जुनाच समजायचा. ते पान फाटले असेल तरी चालते. लँडलाइन नंबर 7 आकडी असले तर पुस्तक वीस वर्षांहून जुने. मुंबईच्या मुख्य स्टेशनचे, म्हणजे आजच्या सीएसएमटीचे, नाव 'व्हीटी' असले तर 1996 च्या आधीचे, 'सीएसटी' असले तर 2017 च्या आधीचे. 'प्रभादेवी' स्टेशनऐवजी 'एल्फिन्स्टन रोड' दिसले तर 2018 च्या आधीचे. आवृत्ती नवी असली तरी भाडे छपाईच्या वर्षभर आधी गोळा केलेले असते, त्यामुळे छापलेला आकडा आजचा धरू नका. शिवाय हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता, 18 जुलै 2022 पासून तो लागतो. जुन्या पुस्तकात तो कुठून येणार?

आर्णीकर: पाहिले. नंबर 8 आकडी, स्टेशन 'सीएसटी', आणि 'एल्फिन्स्टन रोड'ही आहे. स्वस्त म्हणून दिलेली बहुतेक नावे कुलाब्याची आहेत.

वरुडचा वाटाड्या: म्हणजे 2017 च्या आधीचे झाले. भाड्याचा रकाना सोडून द्या, नकाशा मात्र कामाचा आहे. गल्ल्या सहसा हलत नाहीत.

कुलाबा विसरा. ही पुस्तके फिरायला येणाऱ्यांसाठी लिहिलेली, म्हणून गेटवेच्या आसपासची नावे जास्त. तिथून टाटा जवळपास दहा किलोमीटर पडते. रोजची टॅक्सी धरली तर वाचलेले भाडे त्यातच जाते. तुमच्यासाठी दादर पूर्व बरे. दादर टीटीहून, म्हणजे दादर पूर्वेच्या चौकातून, टाटा दोन किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी दादरला थांबते, तिथेच उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. नकाशाखाली मापाची पट्टी असते. कागदाच्या कपट्यावर तिच्या खुणा करा आणि रुग्णालयापासून मोजत जा. एक सांभाळा, परळ आणि लोअर परळ ही वेगळी स्टेशने आहेत, पहिले मध्य रेल्वेचे, दुसरे पश्चिमचे. पत्ता वाचताना हीच गफलत होते.

पुस्तकातले नाव बंद पडले किंवा भरलेले असले तरी घाबरू नका. जिथे एक लॉज चालतो, तिथे बाजूच्या इमारतीत दोन-चार असतातच, आणि पुस्तकात नाव नसलेला बरेचदा स्वस्त पडतो.

मूर्तिजापूरची ताई: दादा, रुग्ण सोबत आहे तर लॉजच्या आधी धर्मशाळा पहा. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी. टाटाच्या समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीची चौकशी करता येते. रुग्णालयाचे कागद आणि तिघांची आधार कार्डे वरच्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. जागा लगेच मिळेलच असे नाही, म्हणून पहिल्या रात्रीचा लॉज फोनवर नक्की करून निघा.

फोनवर विचारताना 'खोली आहे का' एवढ्यावर थांबू नका. चेकआउट 24 तासांचा की ठरावीक वेळेचा? तुम्ही सकाळी पोहोचणार. दुपारी 12 चा नियम असेल तर सकाळच्या चार-पाच तासांसाठी अख्ख्या दिवसाचे भाडे लागू शकते. टॅक्स धरून किती? तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे किती? लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे की अर्धा जिना चढून? जुन्या इमारतीत हा अर्धा जिनाच आडवा येतो.

वरुडचा वाटाड्या: ताईंचे बरोबर आहे. त्यात एवढे जोडतो: नेटवर सापडलेल्या मोबाइल नंबरवर पूर्ण पैसे यूपीआयने टाकू नका. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकलेले असतात. पुस्तकातला लँडलाइन अजून लागत असेल तर त्यावरून खात्री करा.

पैसे भरायच्या आधी खोली पहाच. स्वस्त लॉजमध्ये एका मोठ्या खोलीच्या प्लायवूड लावून दोन-तीन खोल्या पाडलेल्या असतात. फळी छतापर्यंत जात नाही, वर फूटभर फट राहते, पलीकडच्याचा खोकला आणि टीव्ही रात्रभर ऐकू येतो. तपासणी करून थकलेल्या माणसाला तिथे झोप लागायची नाही. खिडकी बाहेर उघडते की इमारतीच्या आतल्या नुसत्या बंद पोकळीत (डक्टमध्ये), तेही बघा. नळ सोडून पाणी किती वेळ असते ते विचारा. संडास कमोडचा आहे का, हे बाबांसाठी आधीच पहा.

आर्णीकर: खूप आधार झाला. आधी टाटाला चौकशी करतो, मग दादर पूर्वेचे लॉज फोनवर विचारतो. काहीच नाही जमले तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम मिळते का?

मूर्तिजापूरची ताई: मिळते, आयआरसीटीसीवर. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवे, पीएनआर टाकावा लागतो. पण ती लवकर भरते आणि मुदत थोडी असते, चार रात्री निघणार नाहीत. पहिल्या रात्रीपुरती धरा आणि आजच पाहून ठेवा.